टाकीतली मोजदाद

१ सप्टेंबर, रविवार

आज ठरलं. घरात मासे पाळायचे. मीच ठरवलं, दुसरं ठरवणार कोण? धाकटीला विचारलं तर म्हणाली, "तुला हवं तर आण." तिला काहीही विचारा, उत्तर हेच. खिडकी उघडू का? तुला हवं तर. दिवा बंद करू का? तुला हवं तर. माझे मेहुणे, म्हणजे तिचे यजमान, ध्यानीमनी नसताना गेले. त्याच आठवड्यात मी तिला दोन बॅगांसकट इकडे घेऊन आले. तेव्हापासून हे असंच चाललंय. मूलबाळ नाही, सासरचं जवळ कोणी नाही. एकटी राहिली असती तर खंगून गेली असती.

तिचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलूप लावून पडलंय. अधूनमधून म्हणते, ताई, एकदा घरी जाऊन येऊ का? मी विषय बदलते. तिथे जाऊन काय करायचं, भिंतींकडे बघत रडत बसायचं? ते घर भाड्याने देऊन टाकावं आणि हिने कायमचं माझ्याकडेच राहावं, असं माझ्या मनात पक्कं आहे. तिला अजून बोलले नाही.

खरं लिहायचं तर मलाही आता एकटीनं जेवायला नको वाटतं. इतकी वर्षं एकटीच जेवले, कधी काही वाटलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

टाकी आणली. दोन फूट लांब, काचेची, वर दिव्याचं झाकण. खाली पांढरे खडे, मागे प्लॅस्टिकची झाडं, आणि हवेचा पंप. तो चोवीस तास गुरगुरतो. आमच्या गल्लीच्या टोकाला दुकान आहे. आत पाऊल टाकलं की चारी बाजूंनी बुडबुड ऐकू येतं, म्हणून मी मालकांचं नाव बुडबुडेवाले ठेवलंय. मनातल्या मनात.

बुडबुडेवाले म्हणाले, या टाकीत गोल्डफिश दोनच ठेवा, फार तर तीन. आज बोटभर आहेत, उद्या तळहाताएवढे होतील. मी म्हटलं, वाढत्या मापाचं मला सांगू नका. शाळेचे गणवेश बेतण्यात माझा जन्म गेला. मूल आज जेवढं आहे तेवढं कापायचं नसतं, शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची असते, हे कारखान्यात नव्या बायकांना मीच शिकवते.

पण दोन म्हणजे काहीच्या काही वाटलं. एवढ्या मोठ्या टाकीत दोन टिकल्या. शिवाय उद्या त्यातला एक गेला तर दुसऱ्यानं काय करायचं? मी त्यांना तसं स्पष्टच म्हटलं, की सहा द्या, सहा असले म्हणजे एखादा कमी झाला तरी जाणवत नाही. बोलून झाल्यावर बघते तर धाकटी शेजारी नव्हती. दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती. आत दमट फार होतं.

घरी आल्यावर टाकीसमोर दोन खुर्च्या मांडल्या, शेजारीशेजारी. धाकटी बराच वेळ बघत बसली. मी पण बसले. मी तिला प्रत्येक माशाबद्दल काय काय सांगत होते. ती हूं हूं करत होती. एकदा हसलीसुद्धा. पैसा वसूल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज कपाट आवरताना धाकटीच्या बॅगेत मेहुण्यांचा एक शर्ट मिळाला. निळ्या रेघांचा. छातीवरचं एक बटण तुटलेलं. माझ्यासारखीच्या घरात बिनबटणाचा शर्ट म्हणजे लाजच. कारखान्यातून तसंच्या तसं बटण शोधून आणलं, त्याच रंगाचा दोरा घेतला आणि असं लावलं की मूळचं कुठलं ते ओळखू येऊ नये. तिला दाखवलं. ती बघत राहिली, मग शर्ट घेऊन आत गेली. थँक्यू नाही की काही नाही. जाऊ दे, दुःखात असतं माणूस.

१५ सप्टेंबर, रविवार

गुरुवारी लावलेलं बटण निघालंय. दोरा कच्चा निघाला म्हणावं तर तो मी स्वतः ओढून बघितला होता. हल्लीच्या दोऱ्यांचा काही भरवसा नाही. परत लावायला घेतलं तर धाकटी म्हणाली, राहू दे ताई. म्हटलं बरं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मी कामावर गेले की समोरच्या काकू धाकटीपाशी येऊन बसतात. तशी त्यांना मी गळ घातली आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन करते, मध्ये जमेल तसा अजून एकदोनदा. काकू म्हणत होत्या, अहो, ती सारखी माशांकडेच बघत असते, मी बोलले तरी लक्ष नसतं. म्हटलं बघा, मी सांगत होते ना, मन रमतं म्हणून. झोपायलाही मी माझी कॉट तिच्याच खोलीत टाकली आहे. रात्री जाग आली तर माणूस दिसलं पाहिजे.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उठून बघते तर एक मासा पोट वर करून तरंगत होता. शेपटीला पांढरा डाग होता तो. धाकटीनं हे बघितलं तर? इतक्या महिन्यांनी जरा कुठे हसायला लागलीय. तिला अजून एक मरण मी घरात दाखवणार नाही.

ती आंघोळीला गेली होती तेवढ्यात चमच्यानं काढला, कागदात गुंडाळला आणि गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीत पुरला. चहा पिताना ती टाकीकडे बघून म्हणाली, सगळे आहेत ना? म्हटलं, आहेत की, एक झाडामागे लपलाय. खोटं बोलताना कानशिलं तापली होती माझी.

संध्याकाळी परत येताना बुडबुडेवाल्यांकडून तसाच एक घेतला आणि ती भाजी चिरत असताना हळूच सोडला. बुडबुडेवाल्यांना बजावून सांगितलं, माझ्या बहिणीसमोर याचा उच्चार करू नका. ते काहीतरी बोलणार होते, पण तोंड मिटलं.

आज आणखी एक चांगली गोष्ट घडली, ती लिहायचीच राहिली. दुपारी धाकटी आपणहून घराबाहेर पडली. काकूंना म्हणाली, दोरा आणायला जाते. दोनेक तासांनी आली म्हणे. दोऱ्याचं दुकान खाली कोपऱ्यावर आहे, पण असू दे, फिरली असेल. मी हे सांगत होते, माशांमुळे फरक पडतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

टाकीत सात मासे आहेत. सकाळी तीनदा मोजले. पांढऱ्या डागाचे दोन दिसतात. काल मी एकच आणला. माझं डोकं फिरलंय की काय?

२६ सप्टेंबर, गुरुवार

वाटेत बुडबुडेवाल्यांना विचारलं, टाकीत पिल्लं होतात का? म्हणाले, एवढ्यात नाही हो. मग सात कसे? त्यांनी डोकं खाजवलं, पंपाची नळी उगाच हातात घेऊन पुसली आणि म्हणाले, पाणी बदलत जा मॅडम, गर्दी फार आहे. प्रश्न काय, उत्तर काय.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आणखी एक गेला. सकाळी धाकटी उठायच्या आत काढून कुंडीत पुरला. या वेळी जरा शहाणपणा केला. म्हटलं, एवीतेवी सात झालेच आहेत, नवा आणायला नको, सहा राहतील. मूळचा हिशेब जमला. संध्याकाळी आले तर टाकीत सात. मी चष्मा पुसून परत मोजले. काकू दुपारी नव्हत्या, त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या. धाकटीला विचारलं, तू कुठे गेली होतीस का? म्हणाली, हो, जरा पाय मोकळे करून आले. डोळे लाल दिसत होते तिचे. रस्त्यावर धूळ किती आहे हल्ली.

डोळे तपासून घ्यायला हवेत. माझे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गॅलरीतल्या दुसऱ्या कुंडीत, तुळतुळीत पानांचं ते रोप आहे तिच्यात, कोणीतरी उकरलंय. मांजर असावं. पण तिसऱ्या मजल्यावर मांजर येणार कुठून? काकूंवर संशय घ्यावा तर त्या खाली वाकूसुद्धा शकत नाहीत.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज धाकटीशी घर भाड्यानं द्यायचं बोलले. म्हटलं, कुलूप लावून ठेवलं की घर खराब होतं, नळ गंजतात. आणि तुला आता तिकडे जायचंच काय कारण आहे, तुझं हेच घर. ती टाकीपुढे बसली होती. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. मला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून आणखी चिमूटभर खाऊ टाकला. धाकटी म्हणाली, ताई, त्यांना भूक नाही लागलेली. त्यांना हवा पुरत नाहीये.

म्हटलं, पंप आहे की.

घराचं उत्तर तिनं दिलंच नाही. मी पण जास्त ताणलं नाही. गोडीगुलाबीनं घ्यायचं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मध्येच जाग आली तर धाकटी कुशीवर वळून उशीत तोंड खुपसून होती. खांदे हलत होते. मी लगेच उठले, दिवा लावला, पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, काही नाही ताई, खोकला येत होता. खडीसाखर दिली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पाणी गढूळ झालं होतं. काल सुट्टीच्या दिवशी मी सगळंच्या सगळं उपसून ताजं पाणी भरलं, खडे साबणानं घासले. माझ्या हातून घाण राहणं शक्य नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

देवा. सकाळी तीन वर आले. मी काढत असतानाच धाकटी पाठीमागे येऊन उभी राहिली. हातात कागद होता माझ्या. लपवायला जागा नव्हती. मला वाटलं आता ही कोसळणार. ती कोसळली नाही. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "तू कामावर जा. मी बघते."

दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शर्टाच्या बाह्या उलट्या कापल्या. कटिंग मास्तर माझ्याकडे बघतच राहिले.

संध्याकाळी तडक दुकान गाठलं. म्हटलं तीन द्या, लवकर. बुडबुडेवाले उठलेच नाहीत. म्हणाले, "मॅडम, रागावू नका. आता तुमच्या घरी मी एकही मासा देणार नाही. तुम्हालाही नाही आणि तुमच्या बहिणीलाही नाही."

मी म्हटलं, बहिणीचा काय संबंध?

मग त्या बिचाऱ्यानं सांगितलं. पहिला मासा गेला त्याच दुपारी ती येऊन तसाच एक घेऊन गेली होती. आदल्या दिवशीच तिला तो आजारी दिसला होता. माझ्या ताईनं एवढ्या हौसेनं आणलेत, तिला कळू देऊ नका, असं तिनंही त्यांना बजावलं होतं. त्याच संध्याकाळी मीही एक नेला. नंतरही ती येत राहिली. ती दुपारी, मी संध्याकाळी. हे दोघींच्या मध्ये तोंडात गुळणी धरून बसले होते. म्हणाले, तुम्ही दोघी एकमेकींसाठी मासे आणत राहिलात आणि टाकीत गर्दी होऊन ते मरत राहिले. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दोन.

घरी आले तेव्हा टाकीत दोन उरले होते. बाकीचे दिवसभरात गेले. धाकटीनं ते पुरले होते, दुसऱ्या कुंडीत. म्हणजे तेव्हा उकरणारं मांजर नव्हतंच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कामावर गेले नाही. काल रात्रीचं जसं झालं तसं लिहून ठेवते.

जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, मला बुडबुडेवाल्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं तू पण आणतेस. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तू इतकी खूश असायचीस सगळे आहेत म्हणताना. आम्हाला दोघींनाही हसू आलं. काय पण बहिणी. हसता हसता मला रडू फुटलं आणि मी म्हटलं, आता नीट ठेवू, दोनच ठेवू, पण तू मला सोडून जाऊ नकोस. हे मला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

ती म्हणाली, "ताई, मासा आणायला जाते असं मनाशी म्हणून मी बाहेर पडायचे, ती आधी घरी जायचे. आमच्या घरी. आतून कडी लावायचे आणि रडायचे. मग तोंड धुऊन मासा घेऊन यायचे."

मी म्हटलं, अगं, मग इथे रडायचं. मी काय परकी आहे?

"इथे मला रडता येत नाही. मी रडायला लागले की तू लगेच पाणी आणतेस."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, काही नाही. पाणी आणते म्हणजे काय चुकतं माझं? रडणाऱ्या माणसाला पाणी नाही द्यायचं तर काय द्यायचं?

मग ती शर्टाचं बोलली. मेहुणे गेले त्या दिवशी सकाळी म्हणाले होते, एवढं बटण लाव गं. ती म्हणाली, संध्याकाळी लावते. संध्याकाळ आलीच नाही. म्हणाली, ते बटण मला लावायचंय, ताई. कधी लावेन माहीत नाही, पण मलाच लावायचंय.

उसवलं होतं तिनंच. मी दोऱ्याला नावं ठेवत बसले.

२७ ऑक्टोबर, रविवार

धाकटी गेली. दोन बॅगा घेऊन आली होती, दोन घेऊन गेली. मी डबा भरून देणार होते, नको म्हणाली. सोबत येते म्हटलं, नको म्हणाली. रिक्षात बसल्यावर माझा हात धरला आणि म्हणाली, तू जेवत जा नीट. हे बरं आहे.

मासे एक तू ने, एक मी ठेवते, असं मी सुचवलं होतं. म्हणाली, त्यांना वेगळं करू नकोस. दोन्ही राहू देत इथेच.

जाताना माझ्या घराची किल्ली परत द्यायची विसरली. पहिल्यापासून वेंधळीच आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

कॉट माझ्या खोलीत परत आणली. काकू मदतीला आल्या होत्या. घर केवढं मोठं वाटतंय. पंपाचा आवाज आधी एवढा नव्हता.

फोनवर बोलणं होतं. दिवसातून एकदाच करते. परवा दोनदा केला, दुसऱ्यांदा तिनं उचलला नाही. स्वयंपाक दोघींचाच होतो हातून. उरलेला दुसऱ्या दिवशी डब्यात नेते.

१० नोव्हेंबर, रविवार

आता सगळं बुडबुडेवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे करते. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं, मग टाकीतलं थोडंसंच बदलायचं. खाऊ अगदी कमी. दोघं छान फिरतात. मोजायला काही लागत नाही. एका नजरेत होतात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी एक गेला. मोठा होता तोच. काल संध्याकाळपासून खाली बसून होता. मी काहीच करू शकले नाही.

कोरफडीच्या कुंडीत पुरला. या वेळी कोणापासून लपवायचं नव्हतं, तरी कागदातच गुंडाळला. मग गॅलरीत बसले आणि मनसोक्त रडले. मेहुण्यांसाठीसुद्धा रडले. ते गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते, धावपळीत राहूनच गेलं. कोणी पाणी आणून दिलं नाही.

उरलेला एकटाच काचेला लागून पोहत होता. दुकानात गेले नाही. एकटा आहे तर एकटाच राहू दे. त्याला जमेल तसं तो राहील.

रात्री फोनवर तिनं विचारलं, मासे कसे आहेत? म्हटलं, दोघं मजेत. सवय, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी कुलूप काढून आत आले, दिवा लावला. टाकीत दोन मासे होते.

मी चप्पल न काढता तिथेच उभी राहिले. आधीचा एक, आणि एक नवा, बोटभर, शेपटीला पांढरा डाग. मोजायला चुकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मोरीत एक पेला धुऊन पालथा घातला होता. मी सकाळी तसा ठेवला नव्हता. टाकीपुढच्या दोन खुर्च्यांपैकी एक जराशी पुढे ओढलेली होती, अगदी काचेजवळ. म्हणजे नुसता मासा सोडून गेली नाही. बसली होती. आज पहिल्यांदा आली की रोज येते, कोण जाणे. आजवर मी ते कधी बघितलंच नाही. मी नसताना येते, पण येते.

फोन हातात घेतला होता. काय म्हणणार होते? तू आलीस हे मला कळलं, उद्या मी सुट्टी घेते, दोघी जेवू, राहूनच जा. सगळं तोंडाशी आलं होतं. फोन ठेवून दिला.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी कामावर निघताना एक खुर्ची उचलून आत नेली. टाकीसमोर एकच ठेवली, काल होती तिथेच, काचेजवळ. पेला भरून झाकून ठेवणार होते. भरलाही होता. मग ओतून टाकला आणि परत पालथा घातला. तहान लागली तर तिचं ती घेईल.